किल्ली कुठल्या हातात होती

हॉलिवूडमधल्या एका स्टुडिओत अकरा वर्षं एकच बाई सगळ्यांना पुरून उरली होती, ती म्हणजे व्हर्ना हॅस्केल. काम कंटिन्यूइटीचं. सिनेमा काही ओळीने चित्रित होत नाही. जिना आज उतरायचा आणि जिन्यावर चढायचं तीन आठवड्यांनी. मधल्या काळात मोजा कुठे होता, मेणबत्ती किती जळली होती, केसाची बट कुठल्या कानामागे होती, हे कोणी लक्षात ठेवायचं? व्हर्नानं. नायक-नायिकांचे नखरे होते, दिग्दर्शकाचे आरडाओरडे होते, पण तिच्या वहीपुढे सगळे गप्प.

एकोणीसशे त्रेचाळीसचं साल. सिनेमा होता बायकोला वेडं ठरवणाऱ्या नवऱ्याचा. तो वस्तू लपवतो आणि म्हणतो, तूच विसरलीस. शूटिंग बघून सगळ्यांच्या अंगावर काटा यायचा. व्हर्ना मात्र वहीत डोकं खुपसून बसायची, कारण घरी गेले चार महिने तेच चाललं होतं.

नवरा लाइल त्याच स्टुडिओत, एडिटिंगच्या खोलीत. कधी तिचा चष्मा पिठाच्या डब्यात सापडायचा, तर कधी शेगडी चालू राहिलेली असायची. लाइल हळूच म्हणायचा, "अगं, थकलीयस तू. किती दिवस डोकं शिणवणार? सोड ना नोकरी." प्रेमानंच म्हणायचा, हो! म्हणून तर ती घाबरली होती. ज्या डोक्यावर आयुष्य उभं केलं, तेच जर फितूर झालं तर बाईनं करायचं काय?

त्या मंगळवारी जिन्याच्या दृश्याचा पुढचा तुकडा घ्यायचा होता. दिग्दर्शक ओटिस क्रेनशॉ ओरडले, "व्हर्नाबाई, खालच्या पायरीवर किल्ली कुठल्या हातात?"

"डाव्या," ती म्हणाली, आणि सवयीनं वही उघडली.

वहीत लिहिलं होतं, उजव्या.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. नव्या पोरींना तिनंच शिकवलेला नियम होता: आठवण आणि वही भांडली तर वही खरी. सगळं युनिट तोंडाकडे बघत उभं. लाइलही काहीतरी विचारायच्या निमित्तानं आलेला होताच.

"साहेब, सांभाळून घ्या हिला," तो खालच्या आवाजात म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत. "घरीही असंच चाललंय. मी म्हणतोय केव्हाचं, विश्रांती घे म्हणून."

क्रेनशॉंनी कपाळ चोळलं. "मग उजव्या धरू?"

नुसतं हो म्हणायचं होतं. पण आधीचा तुकडा घेतला त्या दुपारचं सगळं व्हर्नाला लख्ख दिसत होतं: नायिकेनं उजव्या हातानं कठडा धरला होता, कारण झगा पायात येत होता. कठडा सोडून त्या हातात किल्ली धरलीच कशी असेल? तिला स्वतःचाच संताप आला. चार महिने ती कुणाच्या शब्दावर स्वतःला वेडी समजत होती?

"थांबा," ती म्हणाली. "त्या तुकड्याची प्रिंट पडद्यावर लावा. आत्ता."

"कशाला वेळ घालवतेस, व्हर्ना?" लाइल पटकन म्हणाला. "तो तुकडा मिळेलसं वाटत नाही. शोधायलाच दिवस जाईल."

"मी येते शोधायला. तुझ्या टेबलापाशीच उभी राहते."

क्रेनशॉंनी दोघांकडे पाहिलं. "आणा तो तुकडा, लाइल."

तुकडा पाच मिनिटांत मिळाला. अंधाऱ्या खोलीत दहा-बारा माणसं दाटीवाटीनं बसली. पडद्यावर नायिका उतरली. उजवा हात कठड्यावर, डाव्यात किल्ली.

कुणीतरी टाळी वाजवली. व्हर्ना उठली नाही. दिवे लागल्यावर तिनं वही खिडकीशी धरली. 'उजव्या'च्या खाली खोडरबरानं कागद खरवडलेला होता.

"रविवारी," ती म्हणाली. आवाज शांत होता, अगदी कामाचा. "वही टेबलावर ठेवून मी आंघोळीला गेले होते. तू स्वयंपाकघरात होतास, हिरवा स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत. मी बाहेर येऊन दारात उभी राहिले तेव्हा तू डाव्या हातानं टेबलावरची रबराची भुकटी झाडत होतास. मी म्हटलं काय रे, तू म्हणालास पावाचा चुरा. त्या सकाळी आपण पाव खाल्लाच नव्हता, लाइल. लापशी होती."

लाइलचा चेहरा उतरला. "काहीतरीच काय! तुझ्या मनाचे खेळ..."

"सगळं सांगू? तारीखवार सांगते. कपड्यांसकट."

लाइल दाराकडे गेला, जाताना खुर्चीला अडखळला.

"आज मी घरी येणार नाही," ती त्याला पाठमोरा बघून म्हणाली. "बहिणीकडे चाललेय. सामान कुठे काय आहे ते मला माहीत आहे."

क्रेनशॉ खाकरले. एवढ्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच टोपी काढली. "व्हर्नाबाई, मग वहीत दुरुस्त करू या का?"

तिनं वही मिटून काखेत मारली. मान ताठ होती, आणि ती ताठ आहे हे तिलाही कळत होतं.

"वहीचं नंतर बघते," ती म्हणाली. "आज मी सांगते तेच खरं धरा. डाव्या हातात. चला, दिवे लावा."