गौराबाईचा भोंगा

मित्रांनो, माझं तोंड परातीएवढं आणि गळा बांगडीएवढा. नुसतं तोंड पाहून घाबरू नका. जुन्या घडणीचा, सरळ गळ्याचा भोंगा मी. जव्हारच्या कुतुबुद्दीनचाचांनी मला पत्रा ठोकून घडवलं. मी पहिल्यांदा ओरडलो तेव्हा डेपोतली बंद पडलेली एसटी दचकून सुरू झाली. खोटं वाटतं? एसटीला विचारा.

लग्नं, उरूस करता करता सत्त्याण्णव सालची निवडणूक आली आणि मला गौराबाई भेटली. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी बाई. मोखाड्याच्या पंचायत समितीत तिच्या भागाची जागा बायकांसाठी राखीव झाली, म्हणून उभी राहिली. आवाज इतका बारीक, की शेजारणीला ऐकू जायला मध्ये तिसरी बाई लागे. मी जीपच्या टपावर बसलो आणि तोच आवाज सूर्यमाळच्या पाड्यापाड्यांवर पोचला. उन्हाळ्यात टँकर आणीन, एवढंच ती सांगायची. निवडून आली, मग सभापतीही झाली. कचेरीतल्या खुर्चीवर बसण्याआधी ती खुर्ची पदराने पुसायची. लोक मात्र माझीच तारीफ करायचे. मी इतका फुगलो, की टपावरची दोरी पुरेना.

त्याच उन्हाळ्यात गौराबाईने माझ्यातून सूर्यमाळला सांगितलं, की सोमवारी सकाळी टँकर येतोय. तिथल्या झऱ्यात रात्रभर थोडं थोडं पाणी झिरपतं. पहाटे जो आधी पोचेल, त्याचं ते. पण भोंगा बोललाय म्हटल्यावर बायका त्या पहाटे झऱ्यावर गेल्याच नाहीत. कोरड्या विहिरीपाशी हंडे मांडून टँकरची वाट बघत बसल्या.

टँकर होता मोखाड्यात. त्या दिवशी गौराबाईचा सत्कार होता. बाजाराच्या मैदानात धूळ फार, म्हणून कार्यकर्त्यांनी टँकर वळवला आणि जमिनीवर पाणी मारून घेतलं. गौराबाईने विचारलं, हा कुठला टँकर? आपलाच, ताई, असं उत्तर मिळालं. ती समजली, मित्रांनो. समजली आणि गप्प बसली. गळ्यात हार पडत होते.

दुपारी पोशी आली. गौराबाईची लहानपणची मैत्रीण, सूर्यमाळला दिलेली. रिकामा हंडा घेऊन, जीपला लटकत आली आणि सरळ स्टेजवर चढली. बोलली अगदी हळू, पण माइक चालू होता. तिचं बोलणं मी सगळ्या बाजाराला ऐकवलं.

"गौरे, तुजा आवाज आला म्हनून आमी झऱ्यावं गेलू नाय. पल्याडच्या पाड्यानं पानी भरून नेलं." मग खाली बघत म्हणाली, "इथं मातर माती चांगली भिजवलीस."



गौराबाईने हार काढून ठेवले. टँकर पुन्हा भरून घेतला आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसून स्वतः वर सूर्यमाळला गेली. पाणी मिळालं, पण बायका पाणी घेऊन तिच्याकडे न बघता निघून गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

मग तिने मला जव्हारला नेलं.

"चाचा, याचा आवाज काढून घ्या."

"अरे ताई, मुका भोंगा कशाला हवा?"

"आहे काम."

चाचांनी माझ्या गळ्यामागचं यंत्र काढलं. मी रडलो असतो, पण रडायलाही आवाज लागतो.

टँकरचा पाइप जाड, हंड्याचं तोंड लहान. अर्धं पाणी मातीत जायचं. विहिरीत सोडलं तर काठावर ढकलाढकली व्हायची. गौराबाईने माझा गळा हंड्यात घातला आणि वरून पाइप सोडला. एक थेंब सांडला नाही. भोंग्याचं नरसाळं झालं.

पुढच्या निवडणुकीत ती माझ्याविना, पायीच फिरली. हरली. तरी उन्हाळ्यात टँकर आला की मला घेऊन चढण चढते. पत्रा गंजू नये म्हणून नंतर पुसून ठेवते.

मित्रांनो, तुमच्याकडे भोंगा असेल तर त्याला असंच जपा. आणि त्याच्यातून काही कबूल करण्याआधी टँकर खरंच चढणीला लागलाय का, ते बघून या.

सगळ्यांचे हंडे भरताना गौराबाईचा हात स्थिर असतो. पोशीचा हंडा आला की मी त्या हातात अजूनही कलतो.

"सरळ धर, गौरे," पोशी म्हणते, "सांडतंय."

आणि माझ्या काठाला स्वतःचा हात लावते.