सातवी आसरा

मी हद्दीचा दगड बोलतोय. रेणापूरपासून कोसभरावर एक खेडं आहे, त्याच्या विहिरीच्या काठावर मी उभा आहे. अंगावर इतका शेंदूर चढलाय की आपण दगड आहोत हे मलाच अधूनमधून आठवून बघावं लागतं. शेजारी सहा बहिणी आहेत. बाया मला सातवी म्हणतात. मी पुरुष जातीचा, पण इतक्या वर्षांत मलाही त्याची सवय झाली.

माझा जन्म खाणीतला. पाथरवटानं मला चौकोनी घडवलं, पोटावर आकडा कोरला आणि डोकं लाल रंगात बुडवलं. माझ्यासारखे पुष्कळ होते. बैलगाडीत एकमेकांवर आदळत आम्ही निघालो, तेव्हा कुठं जायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या आधीच्या हिवाळ्यात लढाई झाली होती. तीत दिल्ली जळाली. कचेऱ्या, पूल, पाण्याच्या टाक्या, काही उरलं नाही. मग देशाची राजधानी न्यायची कुठं? सरहद्दीपासून लांब आणि समुद्रापासून लांब पाहिजे, म्हणून नकाशावर बोट पडलं ते लातूरवर. उस्मानाबादमधून तोडून नवा राजधानी जिल्हा करायचा ठरला. साल बहात्तर, म्हणजे दुष्काळाचं. लोक दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि तीच खडी राजधानीच्या रस्त्यावर पडत होती.

मला रोवायला मोजणीवाले आले, तेव्हा विहिरीवर धुरपताबाई पाणी शेंदत होती. ती बौद्ध वस्तीतली. त्यांची विहीर आटली तशी ती वस्ती या विहिरीवर यायला लागली होती. पहिल्यांदा बाया दोन काठांवर वेगवेगळ्या उभ्या राहायच्या. पाणी एका कोपऱ्यात गेलं तसा काठही एकच उरला.

“बोट ठेवणाऱ्यानं आधी हिरीत डोकवायचं हुतं,” धुरपताबाई म्हणाली. “दिल्ली आली खरी. पर पाणी कुठलं पेती?”

मोजणीची साखळी धरणारा पंचाक्षरी उदगीरचा होता. तो हसला आणि खड्डा खणू लागला. राजधानी उगवतीला, गाव मावळतीला, मधे विहीर. मला त्यांनी गावाकडच्या काठावर रोवलं. म्हणजे विहीर राजधानीत गेली. आता तिच्यावर पंप बसणार, पाणी कचेऱ्यांना जाणार आणि गावानं रेणापूरच्या रस्त्यावर टँकरची वाट बघायची. अजून पक्कं झालं नव्हतं. पहिल्या फेरीत दगड रोवायचे आणि दुसऱ्या फेरीत दगडावरून दगडावर साखळी टाकून नकाशा काढायचा, अशी त्यांची रीत.

दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत सिंधू आली. गावातल्या रामकिशनची बायको. मांडीवरची लेक सव्वा महिन्याची झाली होती, म्हणून सासू साखराबाईबरोबर विहीर पुजायला आली होती. सारखी लेकीच्या नाकाजवळ बोट धरून श्वास बघायची. पहिलं लेकरू पाचवीच्या आतच गेलं होतं तिचं. आता अंगावरचं दूधही कमी पडत होतं. डॉक्टर म्हणाले होते, बाई, पाणी भरपूर पी. ती घोटभर प्यायची आणि बाकीचं लेकीच्या दुपट्यांसाठी ठेवायची.

आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी-देवी, पलीकडच्या काठावर होत्या. मोजल्या तर सहाच भरल्या. विहीर खोल करताना एक आत पडली होती म्हणे. सिंधूचं तोंड उतरलं.

“आत्याबाई, सात न्हाईत. अपुरी पूजा नको. मागल्या बारीला काय झालं ते...”

“गप. तोंडातून काढू नको,” साखराबाई म्हणाली. मग तिला माझं लाल डोकं दिसलं. “ही काय, सातवी! कुणीतरी इकडं काढून ठेवली बघ. चल माय, बहिणीत चल.”

जमिनीला भेगा पडलेल्या, मी दातासारखा हलत होतो. दोघींनी मला उपसलं, उचलून पलीकडं नेलं आणि सहाजणींच्या ओळीत बसवलं. शेंदूर लावला, हिरवी बांगडी ठेवली, ओटी भरली. रेशनच्या तांबड्या ज्वारीच्या घुगऱ्या वाटल्या. पाथरवटानंतर मला एवढ्या मायेनं कुणी हात लावला नव्हता.

धुरपताबाई दगडांना हात जोडत नाही. घुगऱ्या मात्र तिनं घेतल्या, आणि खाता खाता माझ्याकडं बघत राहिली.

“सिंधे, आसराच्या पोटावर आकडा कशापायी गं?”

सिंधूनं वाकून बघितलं. तिचा हात लगेच लेकीच्या नाकाजवळ गेला. “आता गं मावशे? चूक झाली का? लेकराला बाधंल का?”

“दगडानं काय बाधतंय? पाणी गेलं तर बाधंल,” धुरपताबाई म्हणाली. “मला काय दिसलंच न्हाई, जा.”

सिंधूनं आणखी शेंदूर घेतला आणि आकडा भरून टाकला.

दुसऱ्या फेरीला मोजणीचे साहेब स्वतः आले. जळालेल्या दिल्लीतून आलेला माणूस, थकलेला, आवाज हळू. अलीकडं रिकामा खड्डा आणि पलीकडं सात लाल डोकी. पंचाक्षरीनं मला कडांवरून ओळखलं. “साहेब, हा आपला,” म्हणत तो वाकला.

सिंधू लेकीला घेऊन मधे येऊन बसली.

“भाऊ, तुमचा असंल. पण बाळंतिणीनं ओटी भरलीय त्याची. पुरुषानं हात लावायचा न्हाई. उचलायचा तर बाईमाणसाला आणा.”

साहेबांनी वाद घातला नाही. तंबू जवळच होता. तिथून बायकोला बोलावलं. ती आली, कडेवर मुलगा, ओठ फुटलेले. मुलाची नजर पोहऱ्यावर होती. पोहऱ्यात आलं होतं जेमतेम तांब्याभर गढूळ पाणी. धुरपताबाईनं आपल्या घागरीतलं निवळलेलं पाणी त्याच्या ओंजळीत ओतलं. बाईनं घागर कुणाची ते विचारलं नाही. तिनं सिंधूच्या लेकीकडं बघितलं, मग विहिरीत वाकून बराच वेळ बघितलं.

“उठाते वक्त क्या बोलना है, माँजी?” तिनं साखराबाईला विचारलं.

“म्हण, चल माय, माझ्या घरला चल. यायची असंल तर फुलावानी हलकी हुती. न्हाई तर हत्ती लावला तरी हलत न्हाई.”

बाई गुडघ्यावर बसली. दोन्ही हात माझ्या कमरेला लावले. माती अजून भुसभुशीत होती, लेकरानं ढकललं असतं तरी मी कललो असतो. तिनं डोळे मिटले, ओठ दाबले, खांदे उचलले. तिचे तळवे गरम होते. ते नुसतेच टेकलेले होते.

“नहीं उठ रही,” ती म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडं बघितलं. तिच्या तळव्यांकडं बघितलं. मग टोपी सारखी केली. “पंचाक्षरी, साखळी यहीं से पकड़ो.”

म्हणून राजधानीची हद्द या विहिरीपाशी कोपरासारखी वाकते. पुढं पाऊस झाला, शहर वाढलं, आता रात्री उगवतीला दिवेच दिवे दिसतात. विहीर मात्र गावाची राहिली. सिंधूची लेक परवा आपलं लेकरू घेऊन पुजायला आली होती. सिंधू बरोबर होती, आणि तिचं बोट आता नातवाच्या नाकाजवळ होतं.

बायांनो, मला शेंदूर कमी लावा, चालेल. पण जाताना विहिरीत एकदा वाकून बघत जा, पाणी कुठवर आहे ते. आणि नवी रेषा ओढायला कुणी आलं, तर त्यालाही बघायला लावा.

आता इतकी वर्षं झाली, म्हणून सांगतो. त्या दिवशी मी जड झालो नव्हतो. माझं वजन होतं तेवढंच होतं. साहेबांना मी हे कधी कळू दिलं नाही, पण मला वाटतं, त्यांना तेव्हाच कळलं होतं.