चिखल मोजणारे नरसाळे

मित्रांनो, मी एक जुने नरसाळे आहे. तेल ओतायचे नव्हे हं, चिखल मोजायचे. जमिनीत खोल भोक पाडताना त्यात चिकणमाती आणि पाणी कालवून केलेला चिखल भरतात. तो भोकाच्या भिंती धरून ठेवतो. चिखल फार पातळ झाला तर भिंत कोसळते, फार घट्ट झाला तर पंपाचा दम निघतो. म्हणून तो माझ्यात ओतून खाली उतरायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून बघतात.

पत्र्याच्या कारखान्यातून निघाल्यापासून मी चाचणीच्या खोलीतल्या ताईंच्या हातात होते. ताई चिखलात पॉलिमरची पूड घालत. विरघळली की ती लांब धाग्यांसारखी मातीच्या कणांना एकमेकांत गुंतवते. चिमूटभर पुडीने चिखलाची धाव कमी होते. एकदम ओतली तर गुठळ्या होतात, म्हणून ताई ती हळूहळू भुरभुरवत आणि माझ्याशी बोलत. "बघ, आता कसा शहाण्यासारखा वाहतोय." दुसरे कोणी त्यांच्याशी फारसे बोलत नसे.

एके दिवशी घाईत ताईंकडून मला धुवायचे राहून गेले. माझ्या नळीत पॉलिमरचा थर वाळला आणि वाट अरुंद झाली. दुसऱ्या दिवशी चांगला चिखलही रखडत उतरला. ताईंना वाटले, पूड जास्त झाली. त्यांनी चिखलात पाणी वाढवायला सांगितले. संध्याकाळी भोकाची भिंत ढासळली.

खोदकामाचे मिस्त्री तणतणत आले. "ताई, माप कोणी घेतलं होतं?"

ताईंनी मला पुढे केले. "मीच. पण हे नरसाळंच जुनं झालंय हो. भरवसा नाही राहिला त्याचा."

माझी रवानगी वरच्या फळीवर झाली. मला फार वाईट वाटले. खाली नवे नरसाळे आले, पण ताई त्याच्याशी चकार शब्द बोलत नसत.

एका दुपारी त्यांनी मला खाली काढून पाण्यात भिजत ठेवले. वाळलेला थर फुगला आणि काडी फिरवताच निघून आला. मग त्यांनी साधे पाणी ओतून घड्याळ लावले. पाणी अगदी ठरल्या वेळेत उतरले; माझे माप बरोबर होते. ताईंचे डोळे भरून आले.

तेवढ्यात मिस्त्री डोकावले. "काय चाललंय, ताई?"

"काही नाही. पसारा आवरतेय."

त्यांनी मला पुसले आणि परत वर ठेवून दिले.

मित्रांनो, काम झाले की अवजार धुऊन ठेवा. आणि राहिलेच, तर तसे सांगून टाका. ताईंनी सांगितले असते, तर मिस्त्री चार शब्द बोलले असते आणि विसरले असते. आता ताई मान वर करून फळीकडे बघतसुद्धा नाहीत.