विहिरीतली हाक

"गोकुळराव, तुमच्या सुकन्याचं गाणं सगळ्या कॉलेजच्या स्टेटसला हाय की," शंभूराज दुकानात शिरता शिरता म्हणाला. त्याची जळालेली पाण्याची मोटार टेबलावर पोट उघडं टाकून पडली होती.

"मग? पोरगी कुणाची?" गोकुळ तांब्याची तार गुंडाळत म्हणाला. "मी नुसता खोकलो तरी सुरात खोकतो."

"ठेका तर बघा." शंभूराजनं मोबाइल लावला.

ढणढण वाजत होतं. वर सुकन्याचा आवाज. गाणं कसलं, झरझर बोलणंच ते. गोकुळनं मान डोलवली. मग शब्द कानात शिरले.

'विहीर मला नावानं हाक मारती,
ओ द्यायचं तेवढं राहिलंय.'

गोकुळच्या हातातली तार सुटली.

काटेवाडीपासून बावड्यापर्यंत, मोटार काढायला विहिरीत उतरला की त्याची एकच खोडी. आतून भुतासारखा आवाज घुमवून वरच्या माणसाला नावानं हाक मारायची. भलेभले पैलवान चपला टाकून पळाले होते. चिमुरडी सुकन्या तेवढी पळायची नाही. आईचा हात धरून काठावर उभी राहायची आणि खुदकन हसून म्हणायची, "ओ."

त्यानं फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. जळोचीचं घर सात मिनिटांवर. त्यानं गाडीला किल्ली लावली.

घरी पोचला तो आधी मागच्या विहिरीवर गेला. पाणी गप्प होतं. लिंबाची चार पानं तरंगत होती. बराच वेळ बघितल्यावर पाय घराकडं वळले.

सुकन्या कॉटवर होती, कानात हेडफोन.

"काय झालं अण्णा?"

एरवी जिभेवर तयार असलेला विनोद आज आलाच नाही. "ते गाणं... खरं हाय का?"

"गाणंच हाय की ते." मग खाली बघत म्हणाली, "म्हटलं की दोन दिस बरं वाटतं."

"आन तिसऱ्या दिवशी?"

तिनं हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली.

"आज कितवा हाय?"

"तिसरा."

"चल. डॉक्टरकडं जाऊ. आत्ताच."

"डोक्याच्या?"

"व्हय. माझंबी दाखवू. लई वर्सं राहिलंय."

ती हसता हसता राहिली. "तोंड धुवून येते."

न्हाणीघराचं दार लागलं, आतून कडी. नळ सुटला. गोकुळ दाराला कपाळ टेकवून उभा राहिला. भुताचा नाही, आपल्या साध्या आवाजात म्हणाला, "सुकन्ये."

नळ वाहत राहिला.

"सुकन्ये."

नळ थांबला.

"ओ."

त्यानं कपाळ काढलं नाही. परत हाक मारली.