तांदळात लिहिलेलं नाव

"माझ्या पिशवीत नाही असा कागद अजून या देशात छापलाच गेलेला नाही," रत्नप्रभाबाई म्हणाल्या आणि त्यांनी रेक्झिनची पिशवी कलेक्टर कचेरीच्या खिडकीच्या कट्ट्यावर आदळली. तीस वर्षं सरकारी आवक-जावक सांभाळून रिटायर झालेली बाई. कागद हरवला म्हणून अख्ख्या नेहरू नगरने त्यांची बोलणी खाल्ली होती.

शेजारी त्यांचा मुलगा आशय. चाळिशीला टेकलेला, दाढीवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा. आठ वर्षं कंत्राटावर काढल्यावर आता पक्की नोकरी लागत होती. उद्या सकाळी दहाला हबीबगंजच्या ऑफिसात पुरुष म्हणून नोंद असलेलं प्रमाणपत्र दाखवायचं, नाहीतर यादीतला पुढचा माणूस. आत्ता चार वाजले होते. खिडकी पाचला बंद.

खिडकीतल्या मॅडमनी कागद पसरले. शाळेचा दाखला मृणालचा. आधार सुहासिनी तुषार बोबडे हिचं. डॉक्टरांचं पत्र आशयचं.

"माताजी, तीन लोगों का काम एक फॉर्म में नहीं होता."

"तीन कुठले हो! एकही है. मृणाल मायके का नाम, सुहासिनी ससुराल का. हमारे में शादी में लड़की का नाम बदलते हैं."

"सरनेम?"

"पहला भी."

मॅडमनी चष्मा काढला. "फिर पहचानते कैसे हो?"

"सास के चिल्लाने से," आशय म्हणाला. रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत.

"मृणाल ही सुहासिनी है, इसका कागज?"

रत्नप्रभाबाईंनी पिशवी उपसली. घटस्फोटाच्या निकालात नुसती सुहासिनी. लग्नाची नोंदणी कोणी केलीच नव्हती. सत्त्याण्णव सालची गॅसची पावती निघाली, शेजाऱ्यांचं रेशनकार्ड निघालं. मग अगदी तळातून त्यांनी लाल मखमली अल्बम काढला.

आशयने तो लगेच ओळखला. "आई. हा तू रद्दीत दिला होतास."

"नेला नाही रे त्याने. म्हणाला, मखमलीला भाव नाही."

"बारा वर्षं?"

"घरी जाऊन भांड. चार वीस झालेत."

पहिल्या पानावर पत्रिका चिकटवलेली: चि. सौ. कां. मृणाल. पुढच्या पानावर ताटात पसरलेले तांदूळ आणि तुषार अंगठीने नाव लिहितोय, सुहासिनी. बाजूला हिरव्या शालूत, मुंडावळ्यांच्या आड, इंजेक्शनची वाट बघणारं तोंड. हे तोंड आशयने बारा वर्षांत कोणाला दाखवलं नव्हतं. आता ते रांगेतून फिरत होतं. शिपायाने तर पंगतीतल्या जिलबीपर्यंत पानं उलटली.

"बहन है आपकी?" मागच्याने विचारलं.

"मैं हूँ."

शिपायाने अल्बम मॅडमपुढे ठेवला. मॅडमनी फोटो बघितला, दाढी बघितली, परत फोटो बघितला.

"नाक तो वही है. फोटोकॉपी लाओ."

झेरॉक्समध्ये तांदूळ पांढऱ्या कागदात विरून गेले. नुसतं ताट आलं. शाई वाढवली तर तुषारचं तोंड काळं झालं. त्याला रत्नप्रभाबाईंची हरकत नव्हती, पण नाव काही उमटेना.

"ओरिजिनल जमा करो फिर. वापस नहीं मिलेगा."

आशय लगेच नखाने फोटोचा कोपरा उचलायला लागला.

"थांब, फाटेल," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "मी काढते."

त्यांनी तो हळूहळू सोडवला. पदराने पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

"आई, चार पंचेचाळीस."

"दिसतंय मला घड्याळ," त्या म्हणाल्या आणि फोटो खिडकीतून आत सरकवला.

मॅडमनी नाव टाइप केलं, लिंग टाइप केलं. "बाकी आधार से अपने-आप आ जाएगा." प्रिंटर दोनदा अडला, तिसऱ्यांदा कण्हला. शिक्का बसला. कागद बाहेर आला आणि त्याच्यामागे खिडकीचं शटर धाडकन खाली आलं.

आशयने बाहेर पायरीवर बसून कागद वाचला. आईने त्याच्या खांद्यावरून वाचला.

नाम: आशय. लिंग: पुरुष. पत्नी: श्री तुषार बोबडे.

खिडकी उद्या साडेदहाला उघडणार होती.