भांडुपच्या नावाने

“सिस्टर, माझ्या स्क्रीनवर तर उणे वीस दाखवतंय. एकदम झकास.”

“राणेदादा, तुमची स्क्रीन गेली खड्ड्यात! बाटलीतलं दूध पातळ झालंय. बाटली माझ्या हातात आहे.”

माधुरी भांडुपच्या एका इस्पितळात दूधपेढी सांभाळायची. ज्या बाळांच्या आईला दूध येत नाही, त्यांच्यासाठी इतर आयांनी दिलेलं दूध तिथे गोठवून ठेवतात. दत्ताराम राणे मरोळच्या ऑफिसात बसून अशा बावीस पेढ्यांच्या फ्रीजरवर नजर ठेवायचा. नजर कसली, प्रत्येक फ्रीजरला एक डबी लावलेली. ती दर मिनिटाला सर्व्हरला तापमान कळवते. कळवायची थांबली की तिला पुन्हा बोलती करायची, एकोणीस वर्षं हीच नोकरी. बायको म्हणायची, घरात तोंड उघडत नाहीत आणि डब्यांशी दिवसभर गप्पा.

आज सकाळपासून तो मानखुर्दच्या नव्या पेढीतल्या डबीमागे लागला होता. सोमवारी लावली, पण स्क्रीनवर तिचं नावच येईना. वायर बदलून घेतली, डबी दोनदा बंद-चालू केली. सर्व्हरपर्यंतचा रस्ता मोकळा होता, तरी नाव नाही.

“सिस्टर, तुमच्या डबीची पिन काढा बघू.”

“काढली.”

पाच मिनिटं गेली. स्क्रीनवर भांडुप हिरवंच. उणे वीस.

दत्तारामला आता सोमवार आठवला. साहेबांना सोमवारीच उद्घाटन हवं होतं, म्हणून त्याने भांडुपच्या डबीतलं सगळं सेटिंग जसंच्या तसं मानखुर्दच्या डबीत उतरवलं होतं. सगळेच उतरवतात. मग जुनी ओळख पुसून नवी द्यायची असते. ती द्यायला तो विसरला. चार दिवस मानखुर्द भांडुपच्या नावाने हजेरी लावत होतं, आणि खऱ्या भांडुपला सर्व्हर दारातूनच परत पाठवत होता.

“चूक माझी आहे, सिस्टर. मला दिसत होता तो मानखुर्दचा फ्रीजर.”

“मी रोज दोनदा वहीत तापमान लिहायचे ना हो. तुम्हीच म्हणालात, आता वही कशाला.”

“म्हणालो होतो.”

“नऊशे ग्रॅमचं बाळ आहे इथे. आई आयसीयूत. पुढचं फीड दोन तासांनी.”

“मानखुर्दहून मागवू?”

“तिथे अजून एक बाटली जमलेली नाही. बाकीच्यांनाही विचारलं. त्यांचंच त्यांना पुरत नाही.”

दत्तारामने मानखुर्दला नवी ओळख दिली, माधुरीला पिन लावायला सांगितली. लगेच दोन्ही नावं स्क्रीनवर आली. मानखुर्द हिरवं, भांडुप लाल, अधिक अकरा. एवढ्या वर्षांत इतकं बिनकामाचं काम त्याने केलं नव्हतं.

“ओतून टाकावं लागणार सगळं,” माधुरी म्हणाली. “ठेवा फोन, दादा. तुम्ही काय ऐकणार.”

“असू दे चालू.”

तिने फोन ओट्यावर ठेवला असावा. नळ सुटला. ओतण्याआधी ती प्रत्येक बाटलीवरची चिठ्ठी वाचत होती.

“राधा कांबळे, मंगळवार.”

दत्ताराम फोन कानाला धरून बसून राहिला.

“दिशा परब, मंगळवार,” ती म्हणाली.