चंचीतला आवाज

नत्थुजींचा आवाज अकोटच्या बाजारात सगळ्यांच्या ओळखीचा. कापसाच्या गाडीवर उभं राहून ते हर्रास बोलायला लागले की पलीकडच्या टपरीवर चहा पिणाऱ्यालाही बसल्या जागी भाव कळायचा. भोंगा त्यांनी कधी हातात घेतला नाही. गरजच काय होती? अशा माणसाच्या जिभेलाच गाठ यावी आणि अकोल्याच्या डॉक्टरांनी जीभ काढावी लागेल असं सरळ तोंडावर सांगावं, म्हणजे देवाला दुसरं काही सुचलंच नाही म्हणायचं. तंबाखूचं नाव घरात कोणी काढलं नाही. त्यांची तंबाखूची कापडी पिशवी, ती चंची, तेवढी गुपचूप खुंटीवर गेली.

मुलगा नितेश अमरावतीला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. त्यानं रडण्यात वेळ घालवला नाही. तळहातावर मावेल असा, एकाच बोर्डावर बसवलेला कॉम्प्युटर, बारका माइक, काडेपेटीएवढा स्पीकर आणि मोबाइलची पॉवर बँक, एवढं सामान जमवून तो घरी आला. बेत साधा होता. ऑपरेशनच्या आधी बाबांच्या आवाजात रोजच्या गरजेची वाक्यं भरून ठेवायची. पुढे जीभ नसलेल्या तोंडातून जो काही आवाज निघेल तो यंत्रानं ओळखायचा आणि ठरलेलं वाक्य बाबांच्या जुन्या आवाजात बोलायचं. इंटरनेटची भानगड नाही. शेतात न्या, नाहीतर बाजारात. बाप मुका होऊ नये, एवढंच त्याला हवं होतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी नत्थुजींनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, टोपी चढवली. माइक दिसला की आपला माणूस स्वतःच्याच घरात पाहुणा होतो. गावच्या कार्यक्रमात आभार मानतात त्या थाटात ते ताठ बसले आणि नितेशनं मोबाइलवर लिहून आणलेली वाक्यं वाचू लागले. ‘कृपया मला पाणी द्यावे.’ ‘माझी औषधाची वेळ झाली आहे.’ ‘धन्यवाद, आता मला काहीही नको.’ नितेश खूष. उच्चार जेवढे स्वच्छ तेवढं बरं, हे त्याचं मास्तरी मत.

मधूनच नत्थुजींचं भान सुटायचं.

"अवं नित्याची माय, कुठी मेली वं? चहा आन ना."

"आली नं जी," जमुनाबाई आतून म्हणायच्या. "जीव चालला काय?"

"बाबा, रेकॉर्डिंग चालू हाये. माय, तू चूप बस बरं," नितेश वैतागायचा. अमरावतीला गेल्यावर त्यानं ही सगळी मधली बडबड कापली, पुसून टाकली आणि नेटकी वाक्यं तेवढी ठेवली.

ऑपरेशन झालं. जखम भरल्यावर नत्थुजींनी खुंटीवरची चंची काढली, झटकली आणि यंत्र हिच्यात ठेव, असं खुणेनं सांगितलं. तंबाखूच्या जागी कॉम्प्युटर बसला. चंची गळ्यात अडकवून ते घशातून आवाज काढायचे आणि चंची बोलायची, ‘कृपया मला पाणी द्यावे.’ आवाज हुबेहूब त्यांचा. हर्रासीतले जुने सोबती बघायला आले, नितेशच्या पाठीवर थाप पडली. त्यालाही वाटलं, जिंकलो.

फक्त जमुनाबाई चंची बोलली की डोक्यावर पदर घ्यायच्या आणि पाणी लांबूनच ठेवायच्या.

"माय, बाबाचाच आवाज हाये ना?" त्यानं एकदा विचारलं.

"आवाज त्याहीचाच हाये," त्या म्हणाल्या. "मानूस दुसरा हाये. घरी कोनी साह्यब आल्यासारखं वाटते मले. लगन झाल्यापासून त्याहीनं मले कदी धन्यवाद म्हनलं नाई." मग म्हणाल्या, "ते मले हाक मारत ना, तेवढी टाक त्याच्यात. बाकी काई नाई पायजे."

ती हाक नितेशनंच पुसून टाकली होती. त्यानं लॅपटॉप, मेमरी कार्ड, मोबाइल सगळं पालथं घातलं. पुसलेलं परत आणायचे सगळे उपाय करून पाहिले. काही हाती लागलं नाही. बाजारातल्या लोकांकडून व्हिडिओ मागवले, तर त्यांत कापसाचे भाव होते. चारचौघांत बायकोला अशी हाक मारायची आपल्याकडे रीत नाही, मग ती कुणाच्या मोबाइलमध्ये सापडणार? "शोधून राह्यलो, माय," एवढंच तो सांगत राहिला. खरं सांगायची हिंमत त्याला झाली नाही.

दुखणं मानेत उतरलं तेव्हा डॉक्टरांनी नत्थुजींना घरी न्यायला सांगितलं. त्यांचा आवाज इतका दबला की यंत्राला तो ओळखू येईना. म्हणून नितेशनं एक सोय केली. ओळख पटली नाही तरी यंत्रानं जवळात जवळचं वाक्य बोलून टाकायचं. बाबांना पुन्हा पुन्हा घसा ताणावा लागू नये, हा हेतू.

त्या दुपारी जमुनाबाई आत भाकरी थापत होत्या आणि नितेश ओसरीवर फोनवर बोलत होता. नत्थुजींच्या बाजेवरून एक लांब, चढत गेलेला आवाज आला. यंत्राला शिकवलेल्या आवाजांतला तो नव्हता. जमुनाबाईंचे हात थांबले. पिठाच्या हातांनीच त्या उठल्या आणि पदर घ्यायचं विसरल्या.

"आली नं जी," त्या म्हणाल्या.

‘धन्यवाद, आता मला काहीही नको,’ चंची बोलली.

त्या दारातच थांबल्या. मनगटानं पदर डोक्यावर ओढला, "बरं जी" म्हणाल्या आणि परत चुलीपाशी जाऊन बसल्या. पुन्हा तोच आवाज आला, आता अर्धाच. पुन्हा तेच वाक्य.

तेव्हा कुठे नितेशच्या लक्षात आलं की बाबा हाक मारत आहेत. फोन टाकून तो धावला, चंचीत हात घालून त्यानं वायर उपसली. "बाबा, मारा आता हाक. माय, इकडं ये लवकर."

जमुनाबाई बाजेला टेकून खाली बसल्या, त्यांनी कान नवऱ्याच्या तोंडाशी नेला. नत्थुजींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली. पुन्हा त्यांनी आवाज काढला नाही. दिवेलागणीला ते गेले.

सगळं आटोपल्यावर, माणसं पांगल्यावर, जमुनाबाईंनी नितेशला जवळ बसवलं.

"नित्या, खरं सांग. मले परत त्याहीनं पाठवलं, का तुह्या त्या मशीननं?"

"मशीननं, माय. बाबा तुले बोलवून राह्यले होते."

 पोरगा आपली समजूत घालतोय, असंच जमुनाबाईंना वाटलं.

"आवाज तं त्याहीचाच होता," त्या म्हणाल्या.